प्लेटा नेमक्या कुठे बसतात: स्टेगोसॉरसच्या मॉडेलच्या नोंदी

६ डिसेंबर

आज ऑर्डर पक्की झाली. तालुक्यातल्या एका शाळेला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी डायनासोर हवाय, फायबरचा, पोरांनी हात लावला, टेकून उभी राहिली तरी चालेल असा. विज्ञानाच्या बाई स्वतः कारखान्यात आल्या होत्या. त्यांचं आधीच ठरलेलं, स्टेगोसॉरसच पाहिजे, कारण सातवीच्या पोरांनी विचारलेलं की त्याच्या पाठीवर ते उभं उभं काय आहे आणि कशाला आहे, आणि बाईंना ते मॉडेल दाखवूनच सांगायचंय. मी लगेच हो म्हटलं.

पेणमधला आमचा कारखाना गणपतीचा. अण्णा चाळीस वर्षं शाडूत काम करतायत, मी गेली सहा-सात वर्षं फायबरचं बघतो, घोडे हत्ती मोर सगळं केलंय, पण जो प्राणी कोणी जिवंत बघितलेलाच नाही तो पहिल्यांदा करतोय. म्हणून ठरवलं की काय केलं, का केलं, काय वाचलं ते लिहून ठेवायचं.

मापं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या 'सोफी'वरून घेतली. अमेरिकेत वायोमिंगमध्ये २००३ साली सापडलेला सांगाडा, तीनशेच्या वर हाडं, म्हणजे ८० टक्क्यांपेक्षा जास्त प्राणी मिळालाय, इतका पूर्ण स्टेगोसॉरस क्वचितच मिळतो. लांबी ५.६ मीटर, प्लेटांसकट (पाठीवरची ती उभी पातळ हाडं म्हणजे प्लेटा) उंची २.९ मीटर. १:४ धरलं तर आपला १ मीटर ४० सेंमी लांब आणि साधारण ७२ सेंमी उंच. सोफीच्या प्लेटा १८ मिळाल्यात, मी पण १८च करणार. शेपटीला ४ काटे.

९ डिसेंबर

आतला सांगाडा उभा केला. १० एमएमची सळई कण्याला, पायांना ८ एमएम, वर चिकन जाळी आणि बांधणीची तार. मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब, त्यामुळे पाठीची कमान कमरेवर सगळ्यात उंच जाते आणि मान-डोकं जमिनीकडे उतरतं. हा खाली वाढलेला पाला, नेचे वगैरे खाणारा, त्याला डोकं खालीच लागायचं. शेपूट मात्र जुन्या चित्रांत जमिनीवर घासत चाललेली दाखवतात ते चूक, शेपूट हवेत आडवी. कमरेत वेल्डिंग दोनदा केलं कारण सगळा तोल तिथेच आहे, मागच्या पायांवर.

१४ डिसेंबर

शाडू चढवून झाली. पोट आलंय छान. झाडपाला पचवायला मोठं आतडं लागतं, म्हणून या प्राण्यांची पोटं पिंपासारखी, आणि ते दिसायला पाहिजे, नाहीतर बारीक डायनासोर म्हणजे नुसता मोठा सरडा वाटतो.

प्लेटा पण शाडूच्याच थापल्या, नुसता अंदाज यावा म्हणून. सकाळी बघतो तर सहा तडकलेल्या, आणि अंग अजून ओलंच, बोट रुतेल एवढं ओलं. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे गणपतीचे कान आधी का झाकतो आपण?" एवढंच म्हणाले आणि गेले रंगाकडे.

मी बराच वेळ तिथेच उभा होतो. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की मूर्ती वाळत ठेवली की कानांवर ओलं फडकं टाकायचं, कारण कान पातळ, दोन्ही बाजूंनी हवा लागते, आत माल कमी, ते पोटाच्या कितीतरी आधी वाळतात आणि फाटतात. पृष्ठभाग जास्त आणि आत वस्तुमान कमी, एवढंच. आता पाणी जातं तशीच उष्णता पण जाते ना. खरा हत्ती कान हलवतो तो याच्यासाठीच, कानात रक्ताच्या नसांचं जाळं असतं, रक्त तिथे येऊन थंड होतं आणि परत अंगात जातं. स्टेगोसॉरसच्या प्लेटांबद्दल शास्त्रज्ञांनी नेमकी हीच शंका घेतलेली आहे, ते मी आधी वाचलं होतं पण वाचून ते हातात आलं नव्हतं, आज तडकलेल्या प्लेटा हातात घेतल्यावर आलं. यावर नीट लिहायचंय पुढे.

१८ डिसेंबर

आज पूर्ण दिवस प्लेटांवर गेला आणि संध्याकाळी सगळ्या काढून टाकल्या.

झालं असं, की मी प्रत्येक प्लेटमध्ये एक सळी घालून ती खाली कण्याच्या सळईला वेल्ड केली होती. मला वाटलेलं की खऱ्या प्राण्यात पण असंच असणार, मणक्यातून हाड वर वाढलंय आणि त्याची प्लेट झालीये. पण मोठी प्लेट जरा धरून हलवली की सळी जिथून कातडीतून बाहेर येते तिथे माती उघडते, भोक मोठं होत जातं. फायबर केलं तरी तेच होणार, पोरं प्लेटच धरणार पहिली, आणि सगळा जोर एका पेन्सिलएवढ्या भोकावर येणार, महिन्याभरात तिथे भेग.

मग रात्री शांतपणे सांगाड्याचे फोटो बघत बसलो, आणि लक्षात आलं की मणक्यांवर प्लेटेला बसायला जागाच नाहीये. कुठलाही सांधा नाही, खोबण नाही, काही नाही. प्लेटा मणक्याला जोडलेल्याच नव्हत्या! त्या कातडीतली हाडं आहेत. शास्त्रात त्यांना ऑस्टिओडर्म म्हणतात, कातडीच्या आत तयार होणारं हाड, मगरीच्या पाठीवर ज्या कडक खवल्यांच्या ओळी असतात त्यांच्या आत असतं तेच. सांगाडा वेगळा आणि ही कातडीतली हाडं वेगळी, दोघांची भेट होतच नाही, मध्ये मांस आणि जाड कातडी.

मग एवढी मोठी प्लेट, मोठ्या प्राण्यात ६० सेंमी उंच आणि तेवढीच रुंद, ती नुसत्या कातडीत उभी कशी राहायची? त्याचं उत्तर प्लेटच्या बुडाला आहे. वरचा भाग पातळ, पण बूड जाड, रुंद आणि खरबरीत. १९८६ साली बफ्रेनील, फार्लो आणि रिक्लेस या तिघांनी प्लेटांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तर बुडाच्या हाडात तंतू शिरल्याच्या खुणा मिळाल्या, शार्पीचे तंतू म्हणतात त्यांना. कातडीतले चिवट तंतू सरळ हाडाच्या आत घुसतात आणि हाड त्यांच्याभोवती वाढतं. म्हणजे खिळा ठोकल्यासारखं एका जागी नाही, तर हजारो दोऱ्यांनी चारी बाजूंनी ओढून धरलेलं, तंबूच्या काठीला दोर असतात तसं.

आणि हे वाचल्यावर मला माझ्या कामाचं उत्तर मिळालं. फायबरची मॅट म्हणजे तरी काय, काचेचे तंतूच.

२१ डिसेंबर

मांडणी ठरवली. यावर शंभर वर्षं भांडण झालंय आणि त्याचं कारण पण वरचंच, प्लेटा सांगाड्याला नाहीत, कातडीला आहेत. प्राणी मेला, कातडी कुजली की प्लेटा सुटून घसरतात, मग कुठली कुठे होती ते कोण सांगणार.

१८७७ साली मार्श या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोलोरॅडोतल्या मॉरिसन गावाजवळच्या हाडांवरून नाव दिलं तेव्हा त्याला वाटलं की प्लेटा पाठीवर आडव्या पसरलेल्या असतील, छपरावर कौलं असतात तशा, म्हणून स्टेगोसॉरस, छपराचा सरडा. पुढे त्यानेच त्या उभ्या केल्या, पण एकाच रांगेत. मग १९१० मध्ये लल याने दोन रांगा, समोरासमोर जोड्या अशी मांडणी केली. आणि १९१४ मध्ये गिलमोरने सांगितलं की दोन रांगा खऱ्या, पण आलटून-पालटून, डावी-उजवी-डावी-उजवी. त्याच्याकडे कोलोरॅडोच्या गार्डन पार्कमधला एक सांगाडा होता जो मेला तसाच चपटा पडलेला सापडला, प्लेटा बऱ्याचशा जागच्या जागी, तो आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, लोक त्याला 'रोडकिल' म्हणतात. १९९२ मध्ये त्याच भागात आणखी एक चांगला नमुना निघाला आणि त्यानेही आलटून-पालटूनच दाखवलं.

गिलमोरचा एक मुद्दा मला कारागीर म्हणून फार पटला. एकाच प्राण्याच्या कुठल्याही दोन प्लेटा सारख्या मापाच्या आणि आकाराच्या नाहीत. जोड्या असत्या तर डावी-उजवी सारखी मिळाली असती. आता याचा अर्थ माझ्यासाठी असा की एक साचा करून त्यातून उलटी-सुलटी काढता येणार नाही, १८ प्लेटा म्हणजे १८ साचे. अण्णा म्हणाले कोण बघतंय, नऊ कर. मी अठरा करणार.

मानेकडच्या लहान, पाठीवर वाढत जातात, कमरेवर सगळ्यात मोठी, आमच्या मापात १५ सेंमीच्या आसपास, पुढे शेपटीवर परत लहान. पुठ्ठ्यावर सगळ्या आखून नंबर टाकले.

२८ डिसेंबर

आज एक काम केलं जे सगळ्यांनी करून बघावं. मटणवाल्या मामांकडून बकऱ्याची दोन शिंगं आणली, कवटीच्या तुकड्यासकट, आणि मागच्या अंगणात चुलीवर मोठ्या डब्यात तासभर उकळली. मग फडक्याने धरून शिंग पिळलं की वरचं काळं शिंग सटकन टोपणासारखं निघून येतं आणि आत राहतो तो हाडाचा गाभा. आपण ज्याला शिंग म्हणतो ती नुसती खोळ आहे, केराटिनची, नखं-केस ज्याचे असतात त्याची.

गाभा धुऊन उन्हात धरला. सगळ्या अंगावर बारीक भोकं आणि खालून वर जाणाऱ्या लांब लांब खाचा, जणू कोणी कोरणीने ओढल्यात. या खाचांतून रक्तवाहिन्या जातात, खोळ वाढत राहते तिला पोसायला. बैलाचं शिंग मोडलं की भळाभळा रक्त येतं ते इथून. आणि टोक बघितलं तर हाड खोळीच्या टोकापर्यंत पोचतच नाही, वरचा बराचसा भाग नुसतं शिंग.

स्टेगोसॉरसच्या प्लेटांच्या दोन्ही बाजूंना अशाच खाचा आहेत. मी फोटो आणि गाभा शेजारी ठेवून बघितलं, ओळख लगेच पटते. म्हणजे प्लेटांवर पण शिंगाची खोळ होती का? हे आता अंदाजावर नाही. स्टेगोसॉरसचा जवळचा भाऊबंद हेस्पेरोसॉरस, त्याचा वायोमिंगच्या हाऊ-स्टीफन्स क्वारीतला एक नमुना आहे ज्यात कातडीचा ठसा दगडात उमटलाय, २०१० साली त्याचं वर्णन आलं, आणि प्लेटच्या एका भागावर खवले नाहीतच, गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावर समांतर बारीक उभ्या रेघा. ते शिंगाच्या आवरणाचं लक्षण.

दोन गोष्टी यातून निघाल्या. एक, हाडाची प्लेट जेवढी मिळते त्यापेक्षा जिवंतपणी ती मोठी होती, कडा धारदार. म्हणून मी कडा थोड्या बाहेर घेणार आणि पातळ करणार. दुसरी, प्लेटांवर खवले कोरायचे नाहीत. बाजारातल्या बहुतेक खेळण्यांत कोरलेले असतात.

३ जानेवारी

पोरांचा प्रश्न: कशाला? आज सकाळपासून पाऊसबिऊस नाही पण रेझिनवाला आला नाही म्हणून हात रिकामे, तर हे लिहून काढतो.

बचावासाठी म्हणावं तर पटत नाही. प्लेटच्या हाडाला बाहेरून पातळ कवच आणि आतून मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी, ॲलोसॉरससारख्या शिकाऱ्याने चावलं तर कचकन मोडेल. शिवाय त्या पाठीवर उभ्या, बरगड्या आणि पोट दोन्हीकडून उघडंच. ज्यांना खरोखर चिलखत हवं होतं ते अँकिलोसॉर बघा, त्यांची तीच कातडीतली हाडं चपटी, जाड, अंगभर फरशीसारखी बसवलेली, काहींच्या हाडात तंतू आडवे-उभे विणलेले मिळालेत, कापडासारखे, म्हणजे पातळ असूनही फुटायला कठीण. एकाच मालातून एकाने चिलखत केलं आणि दुसऱ्याने शीड.

मग उष्णता. १९७६ मध्ये फार्लो आणि सहकाऱ्यांनी प्लेटा लावलेलं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून बघितलं. पातळ, आलटून-पालटून, मध्ये फटी सोडून लावलेल्या पट्ट्या वाऱ्यात उष्णता टाकायला चांगल्या ठरल्या. आमच्या कॉम्प्रेसरच्या डोक्यावर, बाइकच्या इंजिनवर ज्या पट्ट्या असतात त्याच कारणाने असतात. २०१० मध्ये फार्लो आणि दुसऱ्या सहकाऱ्यांनी प्लेटा सीटी स्कॅन केल्या, आत मोठे रक्तमार्ग मिळाले, आणि मगरींच्या जातकुळीतल्या प्राण्यांच्या पाठीवरच्या हाडांशी ते जुळतात. मगर उन्हात पाठ शेकते आपण बघतोच. तर रक्त प्लेटांत खेळत होतं हे नक्की, आणि रक्त आलं की उष्णता येणार-जाणार, ते थांबवता येत नाही.

पण २००५ मध्ये मेन, हॉर्नर वगैरे मंडळींनी वेगळं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं की बाहेरच्या खाचा खोळीला पोसायला असू शकतात (माझ्या अंगणातलं बकऱ्याचं शिंग!), आणि उष्णतेसाठीच प्लेटा असत्या तर सगळ्या स्टेगोसॉर घराण्यात तशाच पाहिजे होत्या. तशा नाहीत. टांझानियाचा केंट्रोसॉरस घ्या, पुढे लहान अरुंद प्लेटा आणि अर्ध्या पाठीपासून नुसते काटे, त्यातून काय गार होणार. प्रत्येक जातीचं नक्षीकाम वेगळं, आणि नक्षी वेगळी असते ती ओळखायला, दाखवायला. बाजूने बघितलं की प्राणी दुप्पट मोठा दिसतो, आपल्या जातीच्याला लांबून कळतं, शिकारी पण जरा विचार करतो.

माझं मत सांगतो. दाखवण्यासाठी वाढल्या आणि वाढल्यावर उष्णतेचं काम त्यांच्यावर आपोआप आलं, असं मला वाटतं. हत्तीचा कान पण तेच करतो, गरम झाला तर हलवतो आणि रागावला तर दोन्ही कान पसरून समोर उभा राहतो. एका अवयवाला एकच काम, असं शाळेच्या तक्त्यात असतं, अंगात नसतं. बाईंना हे असंच सांगणार.

१० जानेवारी

काटे. शेपटीच्या टोकाला दोन जोड्या. पहिल्यांदा मी वर उभे लावलेले, ते काढले. ते बाजूला आणि किंचित मागे झुकलेले होते, म्हणजे शेपूट आडवी फिरवली की टोक थेट शिकाऱ्याच्या मांडीत. हे पण कातडीतलंच हाड, प्लेटांचंच भावंड, पण काम बदललं तसं हाड बदललं. मोठ्या प्राण्याच्या काट्याची भिंत जाड आणि भरीव, प्लेटेसारखी पोकळ नाही.

आणि ते वापरात होते याचा पुरावा आहे. २००१ च्या एका अभ्यासात ५१ काटे तपासले, जवळपास १० टक्के काट्यांची टोकं दुखावलेली, मोडून परत भरलेली. दुसऱ्या बाजूने ॲलोसॉरसच्या शेपटीचा एक मणका मिळालाय, त्याला आरपार भोक, आणि स्टेगोसॉरसचा काटा त्यात बरोबर बसतो. त्या भोकाच्या कडेला हाड भरत आलेलं, म्हणजे तो ॲलोसॉरस मार खाऊन पळाला आणि काही काळ जगला. १५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका दुपारची भांडणाची नोंद आहे ती, दोघांच्या हाडांत. मला हे वाचून अंगावर काटा आला.

एका काट्याचं टोक मी मुद्दाम मोडून भरलेलं दाखवणार. बाईंची अट आहे की टोकं बोथट पाहिजेत, पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, ते बरोबरच आहे.

आता माघी गणपतीच्या ऑर्डरी. दोन आठवडे हे बंद. ओलं फडकं आणि वर प्लास्टिक.

२५ जानेवारी

परत सुरू. फडकं रोज पुतण्याने भिजवलं, एक भेग नाही.

आज कातडी. हेस्पेरोसॉरसच्या त्याच ठशात अंगावरचे खवले पण दिसतात, एकमेकांवर न चढणारे, षटकोनी, काही मिलिमीटरचे, आणि मधूनमधून मोठे घुमटासारखे खवले, त्यांच्याभोवती लहानांचं कडं, फुलासारखं. १:४ मध्ये लहान खवला एक-दीड मिलिमीटरचा झाला. कोरणीने एवढं अंग कोरायला वर्ष जाईल. बरंच काही दाबून बघितलं, गोणपाट (चौकोनी येतं), चाळणी, शेवटी जुनी मच्छरदाणी. तिचं भोक षटकोनी असतं! ओल्या शाडूवर ताणून धरायची, वरून स्पंजने हलकं दाबायचं आणि उचलायची, अप्रतिम येतं. जास्त दाबलं तर चिकटते, माती बरोबर वर येते, ते हाताला हळूहळू कळलं. मोठ्या खवल्यांना फणसाची कुयरी, बागेत नुकत्याच धरल्यात, करंगळीएवढ्या. सालीवर रबर ओतून छोटा शिक्का केला.

गळ्याखाली अजून एक गंमत. स्टेगोसॉरसच्या गळ्याला कातडीत लहान लहान हाडांचे गोटे दाट बसवलेले होते, नाण्याएवढे. सगळ्या चित्रांत लोक पाठच रंगवतात, पण खरं चिलखत म्हणावं तर ते हे, जिथून श्वासनळी आणि मोठ्या नसा जातात तिथे. आमच्या मापात तुरीची डाळ बरोबर बसली. काकूने दोन वाट्या दिल्या, कुठे चाललंय म्हणून बघायला पण आली, आणि मग तिनेच अर्धा गळा लावून दिला, माझ्यापेक्षा ओळी सरळ.

१ फेब्रुवारी

पीओपीचा साचा चार भागांत सुटला. आत मेण, मग जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), मग मॅट आणि रेझिन, तीन थर. थंडीमुळे हार्डनर थोडा वाढवावा लागला. १८ प्लेटा वेगळ्या आधीच मारून ठेवलेल्या.

आता मुख्य काम, जे १८ डिसेंबरला ठरलेलं. सळी नाही. प्रत्येक प्लेटच्या बुडाला चारी बाजूंनी मॅटच्या झिरमिळ्या सोडल्या, बोटभर लांब, साडीच्या पदराला असतात तशा. पाठीत प्लेटच्या बुडाएवढी फट कापली, बूड आत उतरवलं आणि झिरमिळ्या आतल्या बाजूने कवचावर फुलासारख्या पसरून रेझिनने बसवल्या, वरून अजून एक मॅट. बाहेरून बुडाभोवती पुट्टीची जाड वळी, कातडी वर चढल्यासारखी. दिवसाला पाच-सहाच होतात कारण एक सुकल्याशिवाय शेजारची धरता येत नाही. पोटाकडचा तुकडा उघडा ठेवलाय हात घालायला, सगळं झालं की बंद करणार.

पहिली सुकल्यावर धरून ओढली. सगळं मॉडेल हललं, प्लेट हलली नाही. जोर पसरतो. अण्णांनी पण ओढून बघितली, काही बोलले नाहीत, दुसऱ्या प्लेटला झिरमिळ्या कातरायला बसले.

८ फेब्रुवारी

रंग. स्टेगोसॉरसचा रंग मिळालेला नाही, म्हणून दुसऱ्या एका तृणभक्षी डायनासोरकडून अंदाज घेतला, तो म्हणजे बोरिआलोपेल्टा. कॅनडाच्या अल्बर्टात २०११ साली तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्याला लागला, चिलखती, ११ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी जाऊन गाडला गेला म्हणून पुढचा भाग जिवंत असावा तसा राहिलाय, हाडं, त्यावरच्या केराटिनच्या खोळी, मधले खवले सगळं जागच्या जागी. रासायनिक तपासणीत वरून लालसर तपकिरी आणि खाली फिका असा रंग निघाला. तेराशे किलोच्या चिलखती प्राण्याला पण लपायची गरज पडत होती, म्हणजे शिकारी किती भारी असतील.

त्या दगडातून प्राणी मोकळा करायला मार्क मिचेल नावाच्या माणसाने साडेपाच वर्षं, सात हजार तास काम केलं. शास्त्रज्ञांनी प्राण्याचं नाव ठेवलं बोरिआलोपेल्टा मार्कमिचेली. हाताने काम करणाऱ्याचं नाव प्राण्याला लागलं. हे मी अण्णांना दोनदा वाचून दाखवलं.

आपला: पाठ तपकिरी, पोट मातकट पिवळं, प्लेटांना शिंगाचा पोत, बुडाशी गडद आणि कडेला मधासारखा. डोळे अण्णांनी रेखले. दुसरं कोणी रेखलेच नसते.

एक प्लेट मात्र, उजवीकडची अकरा नंबर, खोळीशिवाय ठेवली, नुसतं हाड, खाचा कोरलेल्या, हाडाच्या रंगात. बकऱ्याचा गाभा समोर ठेवून कोरल्या.

१४ फेब्रुवारी

सातवीची पोरं बघायला आली, अठ्ठावीस जण. पहिला प्रश्न, याला दोन मेंदू होते ना? नव्हते. कमरेच्या मणक्यात मोठी पोकळी आहे म्हणून तसं पसरलं, पण तशी पोकळी आजच्या पक्ष्यांत पण असते आणि तिथे मेंदू नसतो, साठवणीचा एक गोळा असतो.

दुसरा प्रश्न जास्त चांगला, आपल्याकडचा का नाही केला? खरंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस, लांब मानेच्या तृणभक्षींच्या टायटॅनोसॉर घराण्यातला, १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी वर्णन केलं, २००३ मध्ये आजचं नाव मिळालं, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आणि त्या घराण्यातल्या काहींना पण कातडीत हाडं होती, भारतातला त्याचा पहिला पक्का नमुना २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते हाड प्लेटसारखं उभं नाही, कातडीतला मोठा गोळा. मादागास्करच्या रापेटोसॉरसमधला असा एक गोळा आतून पोकळ निघाला, त्यावरून म्हणतात की दुष्काळात आणि अंडी घालताना लागणारं खनिज तिथे साठवत असतील. म्हणजे चिलखत, शीड, हत्यार आणि आता कोठार, सगळं कातडीतल्या हाडाचंच. पोरांना मी हे सांगताना माझाच आवाज वाढला होता असं बाई म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी

टेम्पोने पोचवला. गादीवर आडवा नाही, उभाच, पायांना दोर. वाटेत एका खड्ड्यात टेम्पो असा आदळला की मागे बसलेला पुतण्या उडाला आणि पडताना त्याने कमरेवरची मोठी प्लेट दोन्ही हातांनी धरली, सगळं वजन तिच्यावर. उतरवल्यावर टॉर्च लावून बुडाभोवती बघितलं. भेग नाही. मानेखाली मात्र साच्याच्या जोडावर एक केसाएवढी रेघ आलीये, तिथे मॅटचा एकच थर गेला असणार.

२८ फेब्रुवारी

दिवसभर शाळेत होतो. अकरा नंबरच्या प्लेटला सगळ्यात जास्त हात लागले, दुपारपर्यंत खाचांत मळ बसून त्या जास्तच खऱ्या दिसायला लागल्या. एक बारकी मुलगी, पाचवीची असेल, खाचेतून बोट वरून खाली नेत नेत बुडापर्यंत आली आणि तिथे थांबली. म्हणाली, काका, इथून पुढे रक्त कुठून यायचं, हाडातून? मी म्हटलं नाही बाळा, कातडीतून. मग ती गुडघ्यावर बसून पोटाखालून बघायला लागली, आतून कशी धरलीये ते. पोटाचा तुकडा मी बंद करून टाकलाय.

रविवारी मानेची रेघ भरायला जायचंय, तेव्हा तो तुकडा कापून बिजागरी लावतो.